खात्यापित्या पाखराची तपासणी

ओरोसहून सावंतवाडीमार्गे आंबोलीचा घाट चढून गेले की तीनेक तासांत बेळगाव येते. बेळगावजवळ भुतरामनहट्टीला कित्तूर राणी चन्नम्मा यांच्या नावाचे एक छोटे प्राणिसंग्रहालय आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथे थोडक्या दिवसांत एकतीस काळवीट मेले. तपासणीअंती कारण निघाले घटसर्प. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा रोग नवा नाही. पावसाळ्याच्या तोंडावर गुरांना घटसर्पाची लस टोचून घ्यायची, हे वाडीवाडीवर ठाऊक असते. त्यामागच्या जिवाणूचे नाव पाश्चुरेला मल्टोसिडा. गुरांना आणि हरणांना मारणारा त्याचा प्रकार वेगळा आणि पक्ष्यांना मारणारा वेगळा, पण जात एकच. कोंबड्यांमध्ये, बदकांमध्ये तो जो रोग आणतो त्याला कोंबड्यांचा कॉलरा म्हणतात. १८८०च्या सुमारास लुई पाश्चर यांनी याच जिवाणूला प्रयोगशाळेत दुबळे केले आणि त्याची लस होऊ शकते हे दाखवले. म्हणजे प्रयोगशाळेत मुद्दाम तयार केलेल्या लशीचा इतिहासच एका आजारी कोंबडीपासून सुरू होतो.

काळविटांची बातमी वाचल्यावर माझे लक्ष पक्ष्यांकडे गेले, त्याला कारण आहे. काळवीट पडला की दिसतो. पक्ष्याचे तसे नसते. मोठ्या जाळीदार पिंजऱ्यात शंभर मुनिया असतील आणि त्यातली एक कोपऱ्यात पिसे फुलवून बसली असेल, तर ती कुणाच्या नजरेस पडेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. रानात दुबळे दिसणे म्हणजे शिकाऱ्याला आमंत्रण, म्हणून पक्षी शेवटच्या घटकेपर्यंत धडधाकट असल्याचे सोंग आणतो. पिंजऱ्यात जन्मलेल्या पाखराचीही ही सवय सुटत नाही. मग बंदिवासातल्या पक्ष्याला जिवाणूसंसर्ग आहे की नाही हे ओळखायचे कसे, कधी आणि त्या उत्तरावर किती विसंबायचे, या प्रश्नाचा हा आढावा आहे. सिंधुदुर्गात प्राणिसंग्रहालय नाही. आम्हा ओरोसकरांना जवळचे म्हणजे गोव्यातले बोंडला, नाहीतर हे बेळगावचे. तरीही हा प्रश्न आपला का आहे, ते पुढे येईलच.

महाराष्ट्रात या प्रश्नाची सर्वांत जाहीर चर्चा झाली ती एका पेंग्विनमुळे. भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे जुन्या राणीच्या बागेत, २६ जुलै २०१६ रोजी दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. त्यांतली डोरी नावाची सुमारे दीड वर्षाची मादी २३ ऑक्टोबर २०१६ रोजी, रविवारी सकाळी मरण पावली. मुंबईत आल्यापासूनचा तो एकोणनव्वदावा दिवस. पक्षी तेव्हा अजून विलगीकरणाच्या जागेतच होते. लोकांसाठी नवा कक्ष खुला झाला तो पुढच्या वर्षी मार्चमध्ये. मृत्यूचे कारण म्हणून जे सांगण्यात आले त्यात एक शब्दप्रयोग होता, तो दुसऱ्या दिवशी मुंबईच्या प्रत्येक वर्तमानपत्रात छापून आला : आतड्यात ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंचा संसर्ग. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने विचारणा केली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, राजकारणही भरपूर झाले. त्या गदारोळात ग्रॅम-निगेटिव्ह म्हणजे काय, एवढा साधा प्रश्न मात्र मागे पडला.

हान्स क्रिश्चन ग्रॅम या डॅनिश वैद्याने १८८४ मध्ये जिवाणू रंगवण्याची एक रीत दिली. काचेवर नमुना पसरायचा, जांभळा रंग द्यायचा, मग अल्कोहोलने धुवायचा. काही जिवाणू जांभळा रंग धरून ठेवतात, ते ग्रॅम-पॉझिटिव्ह. काहींचा रंग धुतला जातो आणि नंतर दिलेला लालसर रंग ते घेतात, ते ग्रॅम-निगेटिव्ह. हा जिवाणूच्या बाहेरच्या भिंतीचा फरक आहे. ई. कोलाय, साल्मोनेला, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास, आपला पाश्चुरेलासुद्धा, सगळे ग्रॅम-निगेटिव्ह. तेव्हा मृत्यूचे कारण ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू, असे म्हणणे म्हणजे धडक देणारी गाडी कुठली असे विचारल्यावर 'चार चाकांची' असे उत्तर देणे. उत्तर खोटे नाही, पण त्यावरून गाडी सापडत नाही. जिवाणू नेमका कोणता, तो पाण्यातून आला की माशांतून की माणसाच्या हातातून, कोणत्या औषधाला तो जुमानतो आणि कोणत्या नाही, हे सगळे पुढचे प्रश्न. एका पक्ष्याच्या मरणातून उरलेल्या सात पक्ष्यांसाठी काही शिकायचे असेल, तर ते या पुढच्या प्रश्नांतूनच शिकता येते.

इथेच या विषयातली सर्वांत मोठी गफलत होते. जिवाणू सापडला म्हणजे रोग सापडला, असे आपण धरून चालतो. पक्ष्यांच्या बाबतीत हे अनेकदा चुकते. पोपट, मुनिया, फिंच हे दाणे-फळे खाणारे पक्षी. निरोगी असताना त्यांच्या आतड्यात बहुतांशी ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू असतात. पोपटाच्या विष्ठेचा ठिपका काचेवर रंगवला आणि सगळे लालच लाल दिसले, तर पशुवैद्याने सावध व्हायला हवे. पण हाच निकष बदकाला, घारीला, बगळ्याला किंवा करकोच्याला लावता येत नाही. मांस-मासे खाणाऱ्या किंवा पाण्यात चरणाऱ्या पक्ष्यांच्या आतड्यात ई. कोलाय घरचाच असतो. दोघांचा अहवाल कागदावर अक्षरशः एकसारखा येईल. एकाच्या बाबतीत तो धोक्याचा आणि दुसऱ्याच्या बाबतीत रोजचा. प्रयोगशाळेतल्या माणसाला नमुना कोणत्या पक्ष्याचा आहे, तो काय खातो, कुठे राहतो हे सांगितलेच नाही, तर त्याच्या अहवालाचा अर्थ कोण लावणार?

म्हणून मला या संपूर्ण विषयात एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते : तपासणी सुरू व्हायला हवी ती खात्यापित्या, निरोगी पक्ष्यापासून. पक्षी धड असताना त्याच्या विष्ठेत काय असते, त्याचे वजन किती भरते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी किती असतात, हे वर्षानुवर्षे नोंदलेले असेल तरच आजारपणात आलेल्या आकड्याला काही अर्थ येतो. आजारी पक्ष्याची तपासणी ही तुलना असते आणि तुलनेला दुसरी बाजू लागते. गावात कोंबड्या पाळणारी बाई हेच करते. सकाळी खुराडे उघडताना कोण आधी बाहेर धावते, कोण मागे रेंगाळते, कुणाचा तुरा उतरला आहे, हे ती रोज बघते; म्हणून मानमोडी यायच्या आधीच तिला चाहूल लागते. प्राणिसंग्रहालयातला पक्षीरक्षक ही पहिली प्रयोगशाळा आहे, असे मी मनापासून मानतो. त्याच्या वहीतली 'आज जेवला नाही' ही नोंद कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा दोन दिवस आधी येते.

चुकीच्या जिवाणूला कसे धरले जाते, याची एक जुनी गोष्ट या विषयात वारंवार सांगितली जाते आणि ती सांगायलाच हवी. १८७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी याकोब रिटर या डॉक्टराने एका विचित्र न्यूमोनियाची नोंद केली. सात माणसे आजारी पडली, तीन दगावली, आणि संशय घरात आणलेल्या परदेशी पक्ष्यांवर गेला. १८९२ मध्ये पॅरिसमध्ये पोपटांमुळे तसाच उद्रेक झाला. दुसऱ्या वर्षी एदमों नोकार या नामवंत पशुवैद्याने पोपटांच्या वाळलेल्या पंखांतून एक जिवाणू वेगळा काढला आणि हाच कारण आहे, असे जाहीर केले. पुढची पस्तीसेक वर्षे जग त्यावर विश्वास ठेवून होते. मग १९२९-३०च्या हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पोपटांबरोबर हा रोग अमेरिकेत आणि युरोपात पसरला. जानेवारी १९३० मध्ये अमेरिकी अध्यक्ष हूवर यांना पोपटांच्या आयातीवर बंदी घालावी लागली. त्या उद्रेकात शोध घेताना कळले की नोकार यांचा जिवाणू बहुतेक रुग्णांमध्ये सापडतच नाही. तो निघाला साल्मोनेला, पोपटांच्या पोटातला एक वेगळाच पाहुणा. खरा गुन्हेगार इतका लहान आणि इतका परावलंबी होता की तो काचेच्या ताटलीत वाढतच नव्हता. लंडनचे बेडसन आणि इतर शास्त्रज्ञांनी तो शोधला, पण त्याला विषाणू समजले गेले. तो जिवाणूच आहे, हे पक्के व्हायला १९६०चे दशक उजाडले. आज त्याचे नाव क्लॅमिडिया सिटॅसी आणि त्याच्या रोगाचे सिटॅकोसिस, म्हणजे पोपटताप.

नोकार हे साधे शास्त्रज्ञ नव्हते. त्या काळातले ते मोठे नाव होते. त्यांची पद्धत बरोबर होती, ताटलीत जे वाढले ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. पण जे वाढते तेच दोषी आणि जे वाढत नाही ते नाहीच, हे गृहीतक चुकले. आजही हीच चूक रोज होते. पोपटाचा स्वॅब कल्चरला जातो, अहवाल येतो 'काही वाढले नाही', आणि मालक निश्चिंत होतो. क्लॅमिडिया साध्या कल्चरमध्ये कधीच वाढत नाही. तो जिवंत पेशीच्या आतच वाढतो. त्यासाठी पीसीआर करावी लागते. कोविडच्या काळात हा शब्द घराघरात पोहोचला, तो इथेही तोच : जंतूच्या जनुकाचा तुकडा शोधून तो वाढवायचा. नमुना घ्यायचा डोळ्याच्या आतल्या कडेवरून, टाळूच्या फटीतून आणि अवस्करातून, म्हणजे विष्ठा-मूत्र आणि अंडे ज्या एकाच द्वारातून बाहेर येते तिथून. शिवाय संसर्ग झालेला पक्षी रोज जंतू बाहेर टाकत नाही, अधूनमधून टाकतो. म्हणून एका दिवसाची विष्ठा पुरत नाही; तीन ते पाच दिवसांची गोळा करून तपासावी लागते. रक्तातली प्रतिपिंडे तपासता येतात, पण संसर्ग आत्ताचा की जुना, हे ती एकटी सांगू शकत नाहीत.

पोपटतापाची जोखीम माणसाला खरी आहे. वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीत हा जंतू महिनोन् महिने टिकतो. पिंजरा कोरडा झाडताना तो श्वासातून आत जातो. साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला. डॉक्टरला पक्ष्याचे सांगितले नाही तर तो साधा न्यूमोनिया समजून पेनिसिलिनच्या कुळातले औषध देतो आणि ते इथे उपयोगाचे नसते. डॉक्सिसायक्लिनने माणूस बरा होतो. पक्ष्याला तेच औषध रूढीनुसार पंचेचाळीस दिवस द्यावे लागते आणि तेवढे दिवस कॅल्शियमचे खाणे, म्हणजे समुद्रफेणीचा तुकडा वगैरे, काढून घ्यावे लागते, कारण कॅल्शियम औषधाला बांधून टाकते. मालवणच्या किनाऱ्यावर समुद्रफेणी फुकट मिळते आणि पक्षी पाळणारे ती हौसेने पिंजऱ्यात टांगतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. हा रोग इतिहासजमाही झालेला नाही. मार्च २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने युरोपातल्या पाच देशांत सिटॅकोसिसचे रुग्ण वाढल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत मृत्यूही होते.

याच्या अगदी उलट स्वभावाचा रोग म्हणजे पक्ष्यांचा क्षय. मायकोबॅक्टेरियम एव्हियम या जिवाणूमुळे तो होतो. पक्षी मजेत खातो, पितो, पण त्याच्या छातीचे मधले हाड हळूहळू सुरीच्या पात्यासारखे वर येत जाते. हातात धरल्यावर कळते की पिसांआड मांस उरलेले नाही. पक्षी जिवंत असताना या रोगाचे निदान करणे फार कठीण. जंतू विष्ठेतून येतो, पण अधूनमधून. कल्चर करावे तर आठवडेच्या आठवडे, कधी महिने लागतात. विष्ठेतले आम्लरोधी जंतू रंगवून पाहता येतात, दुर्बिणीतून यकृताचा कण काढता येतो, पांढऱ्या पेशींचा आकडा चढलेला असतो; पण यातली एकही चाचणी एकटी पुरेशी नाही. आणि जंतू मातीत वर्षानुवर्षे जगतो. नव्या पक्ष्याला साधारण तीस दिवस वेगळे ठेवण्याचा प्रघात आहे. तो साल्मोनेलासाठी बरा, क्षयासाठी मात्र जवळजवळ निरुपयोगी. तीस दिवसांत हा रोग तोंडही दाखवत नाही.

मग एका पिंजऱ्यात एक पक्षी क्षयाने मेला, तर बाकीच्यांचे काय करायचे? पूर्वी उत्तर सोपे आणि क्रूर होते : सगळे मारा, माती उपसा. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयाने याचे वेगळे उत्तर शोधले. १९९२ ते २०१४ या काळातल्या तिथल्या सोळा हजारांहून अधिक पक्ष्यांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या : कोणता पक्षी कोणत्या पिंजऱ्यात, कुणाबरोबर, किती दिवस होता. मेलेल्या प्रत्येक पक्ष्याचे शवविच्छेदन तिथे नेमाने होत असल्यामुळेच हे शक्य झाले. निष्कर्ष असा, की आजारी पक्ष्याच्या सहवासाने धोका वाढतो खरा, पण रोग पसरण्याचा वेग मंद आहे. सहवासात राहिलेल्या बहुसंख्य पक्ष्यांना तो होतच नाही. त्याआधी तिथल्या जंतूंचे जनुकीय ठसे तपासले, तेव्हा ते एका कुळातले नसून अनेक कुळांतले निघाले होते; म्हणजे बरेचसे संसर्ग शेजाऱ्याकडून न येता परिसरातून आले असावेत. एका रोगी पक्ष्यापायी अख्खा थवा मारणे त्यामुळे समर्थनीय ठरत नाही. दुर्मीळ पक्षी सांभाळणाऱ्यांसाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे. आणि तो कुठल्या नव्या यंत्रातून आलेला नाही, दोन दशकांच्या चोख नोंदवह्यांतून आला आहे.

आता थोडा हिशोब. समजा एका संग्रहालयात दोनशे पक्षी आहेत आणि त्यांतले चार खरोखर बाधित आहेत. आपल्याकडची चाचणी चार बाधितांतले तीन पकडते आणि शंभर निरोगी पक्ष्यांतल्या पाच जणांना चुकून बाधित ठरवते. ऐकायला चाचणी चांगली वाटते. पण एकशे शहाण्णव निरोगी पक्ष्यांतून दहा जण चुकीने पकडले जातील. म्हणजे हाती आलेल्या तेरा 'पॉझिटिव्ह'मध्ये खरे तीनच, आणि एक खरा रोगी निगेटिव्ह अहवाल घेऊन थव्यात परत. सरसकट एकदाच तपासणी करून निर्णय घेणारा माणूस दहा निरोगी पक्ष्यांना शिक्षा देतो आणि एका रोग्याला सोडतो. म्हणून पॉझिटिव्ह आलेल्याची दुसऱ्या पद्धतीने फेरतपासणी आणि निगेटिव्ह आलेल्याची काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी, हे दोन्ही खर्चात धरायलाच हवे. ते परवडत नसेल, तर सगळ्या थव्याला हात लावण्याऐवजी पिंजऱ्याच्या तळाशी कागद अंथरून विष्ठा एकत्र गोळा करावी आणि ती तपासावी. त्यात काही निघाले तरच एकेका पक्ष्याकडे वळावे.

कारण पक्ष्याला हात लावण्याचीही किंमत असते. रोहित, करकोचा यांसारख्या लांब पायांच्या पक्ष्याला पाठलाग करून पकडले तर भीतीने आणि धडपडीने त्याचे स्नायू निकामी होऊन तो नंतर मरू शकतो. रक्त काढण्याचा अंगठानियम असा, की वजनाच्या एक टक्क्याहून अधिक काढू नये. चार किलोच्या पेंग्विनला ही अडचण नाही. दहा ग्रॅमच्या लाल मुनियाकडून मात्र एका मिलिलिटरचा दहावा भागच घेता येतो, म्हणजे दोनेक थेंब. त्या दोन थेंबांत काय काय तपासायचे, हे आधी ठरवून ठेवावे लागते.

नमुना घेतल्यावरची गोष्ट तर याहून दुर्लक्षित. कल्चरसाठीचा स्वॅब कोरडा पाठवला तर वाटेत जिवाणू मरतात. तो खास माध्यमाच्या नळीत घालून थंड ठेवावा लागतो, पण गोठवायचा नाही. कॅम्पायलोबॅक्टरसारखा जंतू तर फार नाजूक. पक्ष्याच्या शरीराचे तापमान एक्केचाळीस-बेचाळीस अंशांच्या आसपास असते आणि या जंतूला तेच मानवते, म्हणून प्रयोगशाळेत त्याला बेचाळीस अंशांवर वाढवतात. नेहमीच्या सदतीस अंशांवर, नेहमीच्या हवेत ठेवले तर तो निसटण्याची शक्यता मोठी. तो पक्ष्याला बहुधा काही करत नाही, माणसाला मात्र रक्ती हगवण लावतो. आणि सर्वांत सार्वत्रिक चूक म्हणजे आधी औषध, मग नमुना. पक्षी मलूल दिसला की पाण्यात अँटिबायोटिकची पूड टाकली जाते. दोन दिवसांनी फरक पडत नाही, मग स्वॅब घेतला जातो. तोवर कल्चरमध्ये काही वाढत नाही, किंवा वाढतो तो औषधाला पुरून उरलेला जंतू. २०१९च्या जुलैत केंद्र सरकारने कोलिस्टिन हे औषध खाद्यासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांमध्ये वापरायला बंदी घातली, ती याच भीतीने; माणसाच्या शेवटच्या आसऱ्याची औषधे कोंबड्यांच्या पाण्यात वाया जाऊ नयेत म्हणून. शोभेच्या पक्ष्यांच्या पाण्याकडे अजून कुणाचे तेवढे लक्ष नाही.

कायदा या बाबतीत कमी पडतो असे मला वाटत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या १९९१च्या दुरुस्तीनंतर १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आले. २००९चे मान्यता नियम पशुवैद्यकीय सोयी, विलगीकरण, शवविच्छेदन आणि नोंदी यांबद्दल बोलतात. प्रयोगशाळांचीही महाराष्ट्राला जुनी परंपरा आहे. देशातली पशुरोगांची पहिली जिवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा, इम्पीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी, ९ डिसेंबर १८८९ रोजी सुरू झाली ती आपल्या पुण्यात. १८९३ मध्ये ती कुमाऊँमधल्या मुक्तेश्वरला हलली आणि तिचीच पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय त्याहूनही आधीचे, १८८६चे. आज औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपुरात गोरेवाड्याला वन्यजीवांसाठी संशोधन केंद्र आहे.

अंतर हीच खरी अडचण आहे आणि ती सिंधुदुर्गाला सर्वांत जास्त जाणवते. यातले एकही ठिकाण रात्रभराच्या प्रवासाच्या आत नाही. ओरोसमध्ये जिल्हाधिकारी कार्यालय आहे, जिल्हा परिषद आहे. १९८१ मध्ये रत्नागिरीपासून वेगळा झालेला हा जिल्हा इथूनच चालतो. पण कुडाळच्या एखाद्या शेडातली कोंबडी, वन खात्याने सोडवून आणलेला जखमी मोर किंवा एखाद्या हौशी माणसाच्या पिंजऱ्यातला कॉकेटील, यांचा स्वॅब चोवीस तासांत ताटलीवर पडेल अशी सोय इथे नाही. विषाणूंच्या बाबतीत निदान एक वहिवाट तयार झाली आहे. जानेवारी २०२१ मध्ये दापोलीत कावळे मेले, तेव्हा नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लू असल्याचे कळले. जिवाणूंसाठी अशी वहिवाट नाही. मेलेला पक्षी बर्ड फ्लूचा नाही असे कळले की सगळे सुटकेचा श्वास सोडतात, आणि मग तो कशाने मेला, हे कुणी विचारत नाही.

मरण कशाने आले हे विचारायचा धडा आपल्या जिल्ह्याने एकदा घेतलेला आहे. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात माकडतापाचे रुग्ण निघाले. तेव्हापासून जंगलात माकड मेले तर ती नुसती माकडाची बातमी नसते, हे इथल्या लहान मुलालाही कळते. लेप्टोस्पायरोसिसने तर दर पावसाळ्यात आम्हाला शेताच्या चिखलातला जिवाणू काय असतो ते शिकवले. माणूस, जनावर आणि रान यांचे आरोग्य एकत्र बघायचे, हे आता सरकारी धोरणही आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात राष्ट्रीय 'वन हेल्थ' संस्थेची पायाभरणी झाली ती त्यासाठीच. ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आलाच. जिवाणू वाढवायची ताटली आणि रंगवायचे रंग माणसाच्या आणि पोपटाच्या नमुन्याला वेगळे लागत नाहीत. लागते ती स्वतंत्र जागा, नमुन्यांची सरमिसळ होणार नाही अशी शिस्त आणि पशुसंवर्धन, वन व आरोग्य या तीन खात्यांमधला एक लेखी करार. प्राथमिक कल्चर आणि औषधसंवेदनशीलता ओरोसला, पुढची पीसीआर औंधला किंवा शिरवळला, एवढी विभागणी झाली तरी निदानातले चार दिवस वाचतील. हे काम कोट्यवधींचे नाही. जिल्हा नियोजनातून होण्यासारखे आहे आणि ते व्हावे, अशी माझी जिल्हाधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेला विनंती आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी पक्षी आहेत त्यांनाही थोडे सांगायचे आहे. आपल्या रानातला राघू पिंजऱ्यात ठेवणे १९७२च्या कायद्याने गुन्हा आहे; तो ठेवू नका. लव्हबर्ड, बजरीगर असे परदेशी पक्षी असतील, तर पिंजरा कोरडा झाडू नका, आधी पाणी शिंपडा. आपल्या तोंडातला घास पक्ष्याला भरवू नका. माणसाचा क्षय पोपटाला याच वाटेने गेल्याची उदाहरणे पशुवैद्यकात नोंदलेली आहेत. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर पक्ष्याचे वजन करा आणि लिहून ठेवा. न्यूमोनियासाठी डॉक्टरकडे गेलात तर घरात पक्षी आहे हे पहिल्यांदा सांगा. पाळीव पक्षी मेला तर तो उघड्या हाताने उचलू नका. हातमोजे घालून दोन पिशव्यांत बांधा, थर्मासच्या डब्यात बर्फाशेजारी ठेवा, पण गोठवू नका, आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या. रानातला पक्षी मेलेला दिसला तर हात न लावता वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, आजारी कोंबड्यांसाठी पशुसंवर्धन खात्याचा १९६२ आहे.